बेडकी अमेरिकेची, मरळ पालघरची

पालघर जिल्ह्यात माशाचा विषय निघाला की बोलणं सातपाटीच्या पापलेटावर जाऊन थांबतं. 2023 साली चंदेरी पापलेटाला राज्य मासा म्हणून मान मिळाला, तेव्हाही सगळीकडे सातपाटीचंच नाव निघालं. किनाऱ्यावरच्या घरांत गोड्या पाण्यातल्या माशाला फारशी किंमत नाही. रोहू-कटल्याला चिखलाचा वास येतो म्हणून नाक मुरडायचं आणि बोंबलाकडे वळायचं, हा तिथला रिवाज. पण जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा या चार तालुक्यांना समुद्रच नाही. तिथे मासे म्हणजे नदीचे, ओहोळाचे, तळ्याचे आणि पावसाळ्यात भातखाचरातले.

या दोन जगांच्या मधोमध बोईसर आहे. पश्चिमेला तारापूरची अणुभट्टी, गावाला लागून औद्योगिक वसाहत, पूर्वेला वारली पाडे आणि डोंगर. वसाहतीतल्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगाल, खानदेश, मराठवाडा अशा सगळ्या मुलखांतली माणसं कामाला आहेत. त्यांतले कित्येक गावच्या पोखरात किंवा धरणावर गळ टाकत लहानाचे मोठे झाले. सुट्टीच्या दिवशी तळ्याच्या बांधावर बांबूची काठी, तंगूस आणि कणकेचा गोळा घेऊन बसलेला माणूस आजही दिसतो. आता त्याच्या शेजारी तिशीतला एखादा पोरगा उभा असतो. त्याच्या हातात ऑनलाइन मागवलेला सात फुटी रॉड, त्यावर रीळ, आणि कमरेच्या पेटीत रबराची बेडकी, पत्र्याचे चमचे, प्लास्टिकचे मासे.

ही पेटी बोईसरसाठी बनलेली नाही. त्यातला निम्माशिम्मा माल ज्या माशासाठी घडला तो आपल्याकडे आढळत नाही. त्याचं नाव लार्जमाउथ बास.

खेळाचा राजा

बास मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातला. हिरवट अंग, कुशीवर काळपट पट्टा आणि डोळ्याच्याही मागे जाणारा जबडा. त्या जबड्यावरूनच त्याला नाव पडलं. उथळ, उबदार, शेवाळाच्या तळ्यात तो दबा धरून बसतो आणि समोरून जाईल त्यावर तुटून पडतो, मग तो मासा असो, बेडूक असो की उंदराचं पिल्लू. 2 जून 1932 रोजी जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या तरुणाने 22 पौंड 4 औंसाचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त भरणारा बास पकडला. मंदीचे दिवस होते. विक्रमी मासा घरी गेला आणि कुटुंबाने तो खाल्ला. 1967 साली रे स्कॉट या विमा विक्रेत्याने अर्कान्सासमधल्या बीव्हर तलावावर बास पकडण्याची मोठी स्पर्धा भरवली, आणि तिथून या माशाभोवती बक्षिसं, बोटी, मासिकं आणि नकली आमिषांचा अवाढव्य धंदा उभा राहिला. स्पर्धेतले मासे मरतात अशी ओरड झाल्यावर 1970 च्या दशकात ‘पकडा आणि सोडा’ हा नियमही याच खेळाने रूढ केला.

त्या धंद्याची आमिषं जगभर गेली. जिथे बास नव्हता तिथेही ती खपली, कारण उथळ तळ्यात दबा धरणारा शिकारी जवळपास सगळीकडे असतो. आपल्याकडे ती जागा मरळीची आहे.

तळ्याची मालकीण

मरळ ओळखायला सोपी. लांबट गोल अंग, सापासारखं चपटं डोकं, पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत पसरलेला पर. तिच्या भाऊबंदांपैकी लहान असतात त्यांना काही ठिकाणी डाकू किंवा ढोक म्हणतात. कल्ल्यांच्या वर असलेल्या पोकळीमुळे ही जात थेट हवेतला प्राणवायू घेते. म्हणून ती दर थोड्या वेळाने वर येऊन हवा गिळते, पाणी आटलं तर ओल्या चिखलात तग धरते आणि पावसाच्या रात्री ओल्या गवतातून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जाते. बाजारात ती टबात जिवंत विकली जाते तेही याच गुणामुळे. आजारातून उठलेल्या माणसाला मरळीचा रस्सा द्यावा, असं जुनी माणसं आवर्जून सांगतात.

मरळ रॉडवर कशी लागते ते जवळून पाहण्यासारखं आहे. कमळाच्या पानांत किंवा जलपर्णीच्या कडेला हात-दीड हात मोकळं पाणी असतं. रबरी बेडकी त्याच्या पलीकडे टाकायची. तिचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असल्याने ती पानांत अडकत नाही. मग दोरीला बारीक झटके देत तिला पानांवरून उड्या मारत आणायचं आणि मोकळ्या पाण्यात उतरली की थांबायचं. इथे घाई चालत नाही. आधी पान हलतं, मग पाण्यावर व्ही आकाराची रेघ उमटते, आणि ‘भप्’ असा आवाज होऊन बेडकी नाहीशी होते. नवशिका त्याच क्षणी रॉड ओढतो आणि रिकामी बेडकी तोंडावर येते. जाणता मनात एक-दोन म्हणतो, दोरी ताठ होऊ देतो आणि मग हिसका मारतो. कारण मरळ आधी आमिष दातांत धरते, पाण्याखाली नेते आणि तिथे गिळते. लागल्यावरही काम संपत नाही. ती सरळ मुळांत घुसते, आणि दोरी जाड नसेल तर मासा आणि बेडकी दोन्ही जातात.

बास आणि मरळ यांचं नातं जवळचं नाही, पण संसार एकसारखा. बासचा नर तळाशी शेपटीने खळगा करतो आणि अंडी-पिल्लं राखतो. मरळीची जोडी पावसाळ्यात शेवाळ-गवत बाजूला सारून जागा करते, अंडी तिथे तरंगतात, आणि पिल्लं निघाली की तांबूस-केशरी पुंजका करून पाण्यावर फिरतात. त्याखाली आईबाप पहारा देत असतात. पुंजक्यावरून काहीही गेलं तर ते भुकेपोटी नाही, राखणीपोटी हल्ला करतात. रॉडवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. केशरी पुंजका दिसला की मासा हमखास लागतो, म्हणून काही जण मुद्दाम तोच शोधत फिरतात. आईबाप गेले की पुंजक्यातली पोरं चिलापी, बगळे आणि पाणकावळे दिवसभरात साफ करतात. एक फोटो मिळतो आणि एका तळ्याची पुढची पिढी जाते.

वलगण

तळ्यात मरळ जगते ती खाणं असेपर्यंत. हे खाणं म्हणजे खवली, दंडवण, मुरी, शिंगटी, कोळंबी आणि बेडूक. यांतले बहुतेक जीव बारमाही तळ्यातच राहतात असं मानणं सोयीचं आहे, पण चुकीचं आहे. जूनचा पहिला दणक्याचा पाऊस पडतो, ओहोळ गढूळ होऊन वाहू लागतात, आणि नदीत-तळ्यात दडलेले मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. ठाणे-रायगड-पालघरात याला वलगण म्हणतात. मासे ओहोळातून भातखाचरांत शिरतात, गुडघाभर उबदार पाण्यात अंडी घालतात. पिल्लांना तिथे बारीक किडे मिळतात आणि मोठे शत्रू कमी असतात. पाऊस ओसरला, खाचरं सुटली की हीच पिल्लं उताराने परत तळ्यात आणि नदीत येतात.

वलगणीचे मासे पकडणं हा इथला सण आहे, पंचांगात नसला तरी. रात्री बॅटरी नाहीतर मशाल घेऊन माणसं खाचरांत उतरतात. बांधाला खांड पाडलेली असते, त्या खांडीत बांबूच्या कामट्यांचा निमुळता सापळा बसवतात. पाणी निघून जातं, मासा आत राहतो. आतल्या तोंडाशी कामट्या अशा वळवलेल्या असतात की आत जाणाऱ्याला वाट मिळते आणि बाहेर येणाऱ्याला टोकं टोचतात. बायका झिला घेऊन कडेच्या गवतातली कोळंबी आणि बारीक मासळी उपसतात. पुरुष पाग फेकतात. पहाटे घरी आलेल्या अंडीभरल्या माशांचं कालवण, आणि उरलेले चुलीवर सुकवून ठेवलेले मासे पुढच्या तंगीच्या दिवसांसाठी.

हे जग जगाच्या भिंतींवर नेलं ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 च्या मे महिन्यात ते गेले. मासेमारीचं जाळं हा त्यांच्या आवडीचा विषय. पांढऱ्या बारीक रेघांनी विणलेलं प्रचंड जाळं कागदभर पसरतं आणि त्याच्या कडेला टाचणीएवढी माणसं दिसतात. त्या चित्रातला धागा न् धागा मोजून काढलेला वाटतो, कारण काढणाऱ्याने जाळं हाताळलेलं होतं. वारली समाजात मासेमारी हा खेळ कधीच नव्हता. ते शेताचंच एक काम होतं, आणि शेत, ओहोळ, तळं ही तीन वेगळी खाती नव्हती.

आज ही खाती वेगळी पडली आहेत. खांडीत बसवलेला एक सापळा काही मासे घेतो आणि बरेचसे सोडतो. पण आता ओहोळाच्या या काठापासून त्या काठापर्यंत मच्छरदाणीच्या घनतेची नायलॉनची जाळी लागतात आणि वर काहीच जात नाही. बॅटरीचा करंट सोडून डोह रिकामा करणारे आहेत, ब्लीचिंग पावडर टाकणारे आहेत. सुरुंग आणि विष यांनी मासे मारण्याला बंदी घालणारा भारतीय मत्स्य कायदा 1897 सालचा आहे, तेव्हा कायदा नाही अशी सबब कुणालाच सांगता येणार नाही. समुद्रात 1 जून ते 31 जुलै बोटी बंद राहतात, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. गोड्या पाण्यातल्या माशांचा विणीचा काळही तोच, पण त्या दोन महिन्यांत ओहोळाकडे कुणी अधिकारी फिरकत नाही.

तलाव कुणाचा

पालघर तालुक्यात आणि आसपास पाहिलं तर पाण्याची कमतरता नाही. पालघरजवळ देवकोपचा तलाव, केळव्याच्या बाजूला झांजरोळीचं धरण, मनोरच्या पुढे वांद्री, आणि सगळ्यात मोठं सूर्या नदीवरचं धामणी, त्याखाली कवडासचा बंधारा. झांजरोळीचं नाव 2022 च्या जानेवारीत धरणाला गळती लागली तेव्हा राज्यभर गेलं. धामणीत सुमारे 276 दशलक्ष घनमीटर पाणी साठतं. हे पाणी डहाणू-पालघर-विक्रमगडच्या शेतीसाठी अडवलं होतं. आता तारापूरच्या वसाहतीला, अणुभट्टीला आणि वसई-विरारलाही जातं, आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या योजनेत वसई-विरार आणि मीरा-भाईंदर मिळून रोज 403 दशलक्ष लिटर पाणी धरलेलं आहे. माशाच्या बाजूने पाहिलं तर धरणाची भिंत ही वलगणीची शेवटची पायरी. खालून चढणारा मासा तिथे डोकं आपटतो.

म्हणूनच धरणात आणि तलावात मासा बाहेरून आणून सोडावा लागतो. सरकार तलाव ठेक्याने देतं, बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांना. संस्था दरवर्षी कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडते. हे तिन्ही मासे गंगेच्या खोऱ्यातले. ते स्थिर पाण्यात वाढतात, पण वीण करायला त्यांना वाहतं पाणी लागतं. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली, आणि त्यानंतर मत्स्यबीज हा देशभर धंदा झाला. बोटुकली सोडण्यापूर्वी तळ्यातले ‘उपद्रवी मासे’ काढून टाकावेत, असा सल्ला मत्स्यशेतीच्या पुस्तकांत हमखास असतो. त्या यादीत पहिलं नाव मरळीचं, कारण ती बोटुकली खाते.

इथे रॉडवाला आणि संस्था यांची गाठ पडते. ठेक्याचा तलाव हा संस्थेचा व्यवसाय आहे, आणि परवानगीशिवाय तिथे कटला ओढणं म्हणजे दुसऱ्याच्या वाडीतले चिकू काढणं. पण मरळ पकडणारा संस्थेला नकोसा असायचं कारण नाही. पवईच्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनने सभासद, परवाने आणि नियम यांची घडी वर्षानुवर्षं चालवली आहे. तशी लहान प्रमाणात व्यवस्था पालघरच्या तलावांवर बसवली तर संस्थेला वर्गणी मिळेल आणि रात्री करंट टाकणाऱ्यांवर फुकटचा पहारा राहील. गळवाला दिवसभर एका जागी बसतो. त्याच्याइतकी पाण्याची खबर दुसऱ्या कुणाला नसते.

आणलेले पाहुणे

परदेशी खेळाचा मासा आपल्या तळ्यात आणून सोडावा, असं हौशी मंडळींच्या बोलण्यात मधूनमधून येतं. त्यांनी जपानकडे पाहावं. तिथे 1925 साली तेत्सुमा आकाबोशी या उद्योजकाने हाकोनेच्या आशी तलावात बास सोडला. पुढे हौशी लोकांनी तो तळ्यातळ्यांत पसरवला आणि स्थानिक लहान मासे दिसेनासे होऊ लागले. 2003 पासून बिवा सरोवराच्या शिगा प्रांतात पकडलेला बास परत पाण्यात सोडायला मनाई झाली; त्याला टाकण्यासाठी काठावर पेट्या ठेवल्या गेल्या. 2005 साली देशाच्या कायद्याने तो घातक परका ठरला. गंमत अशी, की 2009 साली मानाबू कुरिता यांनी पेरीच्या विक्रमाची बरोबरी केली ती याच बिवा सरोवरात. अमेरिकेत ज्याची पूजा होते, त्याला जपानात पेटीत टाकतात.

आणि उलटंही घडलं. 2002 साली मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात मरळीची चुलत बहीण सापडली. वर्तमानपत्रांनी जमिनीवर चालणारा राक्षस म्हणून तिचा गवगवा केला, आणि सरकारने तळ्यात विष घालून सगळं पाणी साफ केलं. दोन वर्षांतच तीच जात पोटोमॅक नदीत आढळली. मरळ बोईसरला शिकारी म्हणून शोभते, कारण तिला आवर घालणारं सगळं इथे आहे. मेरीलँडला नव्हतं.

आपल्या घरातली उदाहरणंही आहेत. चिलापी 1952 साली भारतात आणली गेली. मादी अंडी तोंडात उबवते, त्यामुळे जवळपास सगळी पिल्लं वाचतात, आणि तळं बोटभर लांबीच्या चिलाप्यांनी भरून जातं. परदेशी मांगूर पाळायला 2000 सालापासून बंदी आहे, तरी तो कत्तलखान्याच्या टाकाऊवर चोरून वाढवला जातो आणि पुरात शेततळं फुटलं की ओहोळात उतरतो. त्यालाही हवेत श्वास घेता येतो आणि त्याची भूक मरळीहून मोठी आहे. चिलापी गळाला लागली तर ती परत सोडू नये, घरी न्यावी. ‘पकडा आणि सोडा’ हे सरसकट पुण्य नाही. कोणता मासा सोडतो आहोत यावर ते ठरतं.

बोईसरचं पाणी

तारापूर वसाहतीच्या आसपासच्या नाल्यांत पाण्याचा रंग कारखान्यांच्या वेळापत्रकाने बदलतो, अशी तक्रार पास्थळ, कुंभवली, कोळवडे या गावांत जुनी आहे. सांडपाणी नवापूरच्या किनाऱ्यावरून समुद्रात जातं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि 2022 च्या जानेवारीत लवादाने कारखान्यांवर आणि सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर भरपाई बसवली. ही लढाई खाडी आणि समुद्राच्या माशांसाठी होती. नाल्याकाठच्या डबक्यांसाठी कुणी फिर्याद केली नाही.

गळवाल्याने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाण्यातला प्राणवायू संपला की आधी खवली, दंडवण आणि कटला मरतात. मरळ आणि मांगूर वर येऊन हवा गिळतात आणि जगतात. त्यामुळे वसाहतीजवळच्या तळ्यात मोठी मरळ लागली म्हणजे पाणी चांगलं, असा अर्थ निघत नाही. पाण्यातले जड धातू लहान माशांतून मोठ्या शिकारी माशाच्या अंगात साठत जातात. अशा तळ्यातली मरळ फोटोपुरती ठीक, आजारी माणसाच्या रश्श्यासाठी नव्हे.

राखलेलं पाणी

वाडा तालुक्यात तिळसे गावी वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या डोहात महाशीर आहेत. लोक त्यांना देवमासे म्हणतात, चुरमुरे घालतात आणि कुणी गळ टाकत नाही. रायगडात महाडजवळ वाळण कोंडीलाही हेच. टाटा कंपनीने लोणावळ्याच्या वळवण तलावावर 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून महाशीरचं बीज तयार केलं, पण तिळशाला प्रयोगशाळा लागली नाही. गावाने एक डोह ठरवला आणि पाळला.

मात्र डोह राखला तरी वर चढायची वाट बंद असेल तर देवाचा मासाही म्हातारा होऊन मरेल. पालघरच्या छोट्या पाण्याला डोहापेक्षा वाटेची राखण जास्त हवी आहे. ओहोळाची निम्मी रुंदी कायम जाळ्याविना मोकळी ठेवायची, रस्त्याखालचे पाइप पाण्याच्या पातळीवर बसवायचे म्हणजे मासा उडी न मारता वर जाईल, खाचराची खांड आठवड्यातून काही रात्री उघडी सोडायची. यातलं एकही काम खर्चाचं नाही. ग्रामसभेत ठराव झाला तर पुरे. रॉडवाल्यांनी आपल्यापुरतं आषाढ-श्रावणात बेडकी पेटीत ठेवावी आणि केशरी पुंजका दिसला की तळं बदलावं. वारल्यांच्या सापळ्याला मात्र हात लावू नये. खांड त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, जाळी नंतर आली.

दसऱ्यानंतर पाणी निवळतं, भात कापणीला येतं आणि मरळ पुन्हा कडेला शिकारीला येते. बोईसरच्या पोराला तेव्हा त्याच्या अमेरिकन बेडकीवर जे काही लागेल, ते जूनमध्ये कुठल्या तरी शेतकऱ्याच्या बांधावरून वर गेलेलं असेल. तेव्हा रॉडची किंमत विचारण्याआधी त्याने त्या शेताची वाट विचारून ठेवावी.